दादाच्या बंडीतला फोन

दादा गप्प बसलेला असेल तर तो सगळ्यांना चालतो. लग्नात कोपऱ्यातल्या खुर्चीवर, देवळाच्या पायरीवर, आमच्या ओट्यावर. "बिचारा, काहीच तरास नाही त्याचा," असं म्हणून लोक त्याच्या हातात बुंदीचा लाडू ठेवतात. तो उठून कुठे निघाला की त्याच लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. हे मी लहानपणापासून पाहत आले. याचा राग यायला हवा, हे मात्र मला कॉलेजात गेल्यावर कळलं. अजूनही तो राग मला नीट करता येत नाही. बोलायला जाते आणि शब्दांच्या आधी घसाच भरून येतो. म्हणून लिहिते आहे.

दादा माझ्यापेक्षा मोठा. त्याची समज वाढली, पण हळूहळू, आणि मध्येच कुठेतरी थांबल्यासारखी झाली. घड्याळ, आकडे, वाचणं हे त्याच्याकडून होत नाही. चेहरे, वास, रंग मात्र पक्के लक्षात राहतात. एका वेळी एक काम सांगितलं तर तो ते मन लावून करतो. दोन सांगितली तर पहिलं गळून जातं. त्याच्या या असण्याला डॉक्टरांचा एक शब्द आहे, सरकारचा दुसरा, आमच्या गल्लीचा तिसरा. तिन्ही ऐकून ऐकून मी कंटाळले आहे, म्हणून इथे एकही लिहीत नाही.

आम्ही मूळचे नरखेडकडचे. बाबांना बुटीबोरीत कापडाच्या कारखान्यात काम मिळालं आणि आम्ही मानेवाड्याच्या पलीकडे दोन खोल्यांत राहायला आलो. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे ज्यात बटणं असतील किंवा साहेब असेल, ते प्रत्येक काम माझ्याकडे येतं.

धंतोलीत एक छोटी कार्यशाळा आहे. दादासारखी मुलं-माणसं तिथे औषधांच्या दुकानांसाठी कागदी पाकिटं करतात. दादाकडे खळ लावायचं काम. बोटावर खळ घेऊन तो कागदाच्या कडेवरून एका दमात बोट नेतो, श्वाससुद्धा धरून ठेवतो. धंतोली म्हणजे दवाखान्याला लागून दवाखाना. रस्त्यावर ज्याच्या त्याच्या हातात औषधाचं पाकीट. दादा थांबतो, पाकिटाकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, "माह्यं." त्या माणसाचं कोणीतरी आत आजारी असतं. तो वैतागून पाकीट छातीशी धरतो आणि पुढे जातो. दादाला त्याचं काही वाटत नाही. आपण केलेली वस्तू लोक घरी नेतात, एवढं त्याला पुरतं.

त्याला न्यायला-आणायला आई जायची. मग तिचे गुडघे गेले. शहर बसची पायरी उंच असते आणि कंडक्टर घाई करतो. एकदा ती पायरीवरच बसून राहिली, मागचे लोक ओरडत होते. त्या आठवड्यात मामा आले. मामांची नरखेडजवळ संत्र्याची बाग आहे. माकडं हाकायला ठेवलेला त्यांचा राखणदार पळून गेला होता.

"त्याले मले दे," मामा आईला म्हणाले. "बगीच्यात झोपडी हाय. माकडं हाकलते, भाकर खाते, पडून राह्यते. तिथं ना बस, ना कंडक्टर, ना कोनी येडा म्हननार."

"एकटाच?" मी विचारलं.

"एकटा कायले? माकडं हायत ना." मामा आपल्याच बोलण्यावर हसले. आई हसली नाही, पण नाहीही म्हणाली नाही.

मला भीती वाटली ती तिच्या गप्प बसण्याची. दादाला बागेत नेलं असतं तर त्याला कोणी मारलं नसतं, उपाशी ठेवलं नसतं, हे मलाही माहीत होतं. पण तो त्या झोपडीत म्हातारा झाला असता आणि सगळे म्हणाले असते, बघा किती शांत आहे.

कार्यशाळेतल्या ताईंनी मला फोनमधलं एक अॅप दाखवलं. आपण फोटो काढायचे, प्रत्येक फोटोला आवाज जोडायचा आणि जागा नेमून द्यायची. ती जागा आली की फोन आपणहून फोटो दाखवतो आणि बोलतो. ज्या फोटोत काही करायचं असेल त्याच्याखाली हिरवी खूण असते. काम झालं की ती दाबायची. दाबली नाही तर फोन तेच तेच बोलत राहतो. आणि एका कोपऱ्यात माझा चेहरा. त्यावर बोट ठेवलं की मला फोन लागतो.

मी फोटो काढले. चप्पल. पाण्याची बाटली. बसथांब्यावरचं टिनाचं शेड. उड्डाणपूल. पेट्रोल पंप, कारण पंपानंतरच दादाचा थांबा. आणि आमच्याच बोलीत आवाज भरला: "दादा, पूल गेला. आता पंप येईन. तयार राह्य." दादा प्रत्येक वेळी फोनला मोठ्याने "हो" म्हणायचा. मी समोर उभी असले तरी उत्तर फोनलाच.

मामांनी दादाच्या गळ्यात दोरीने अडकवलेला फोन पाहिला आणि म्हणाले, "ढोराच्या गळ्यात लोढणं बांधते तसं बांधलं का वं पोरी?"

लोढणं बांधतात ते ढोर पळू नये म्हणून. हा फोन होता तो दादाला जाता यावं म्हणून. हे मी तेव्हा बोलायला हवं होतं. सुचलं ते मामांची एसटी निघून गेल्यावर.

आधी मी बसमध्ये त्याच्या शेजारी बसायची. मग मागच्या सीटवर. मग एकदम शेवटच्या. ताई याला मागे सरकणं म्हणत. मागे सरकता सरकता मला बसमधले लोक ऐकू यायला लागले. शेजारी होते तेव्हा ते माझ्यासमोर बोलत नसत. आता मी कोणाची कोणी नव्हते. "याच्या घरचे कसे लोक हायत, असं सोडून देते?" "चावते-बिवते का?" एका बाईने दादाशेजारची जागा रिकामी असून उभं राहणं पत्करलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तू बी नको बसू वं तिथं, अशा मानसाचा काय भरोसा." मी मान हलवली. काय करणार होते? दादा तर पुलाची वाट पाहत खिडकीबाहेर बघत होता.

मग तो एकटा जाऊ लागला. एकटा जायचा आणि एकटा यायचा. घरी आला की चप्पल काढायच्या आधी सांगायचा, "मी आलो." जणू आम्हाला दिसतच नव्हता.

फोन त्याच्या गळ्यात दोरीला असायचा. एकदा बसमधल्या पोट्ट्यांनी गंमत म्हणून दोरी ओढली. दादाच्या मानेवर वळ उठला. आईने त्या दिवशी कोणाला शिव्या दिल्या नाहीत. तिने सुई-दोरा काढला, दादाच्या बंडीला आतून, काखेखाली, जाड कापडाचा खिसा शिवला आणि वर बटण लावलं. गावाकडे माणूस मालाचे पैसे घेऊन बाजारातून परतायचा तो असाच, बंडीच्या आतल्या खिशात हात ठेवून. आईने आपल्या बापाला असंच येताना पाहिलेलं. मौल्यवान वस्तू अंगाला लावून ठेवायची, आणि वाटेत कोणी काही म्हटलं तरी काढायची नाही, हे तिच्या माहेरचं शहाणपण.

"आई, त्याले फोटो दिसला पायजे," मी म्हटलं.

"आवाज येते ना? फोटो कायले पायजे? पंप काय पंपासारखा दिसत नाही?" मग दादाकडे वळून, त्याची हनुवटी धरून, "बसमंधी कोनालेच दाखवाचा नाही. कोनी म्हटलं काढ, तं काढाचा नाही. काय?"

"काढाचा नाही," दादा म्हणाला.

एक गोष्ट सांगितली की तो ती करतो.

पुढचं मी पाहिलेलं नाही. कंडक्टरने पोलीस चौकीत सांगितलं ते, आणि दादाने नंतर तुकड्यातुकड्यांनी सांगितलं ते जोडून लिहिते.

बस भरलेली होती. एका माणसाच्या लक्षात आलं की आपल्या खिशात फोन नाही. ओरडाओरडा झाला. कोणीतरी त्याचा नंबर लावला. रिंग जात होती, पण बसमध्ये कुठे वाजत नव्हती. "सायलेंटवर टाकला असन चोट्ट्यानं," असं कोणीतरी म्हणालं आणि सगळे कान देऊन गप्प झाले. त्या शांततेत दादाच्या छातीतून माझा आवाज आला. दादा, पूल गेला. आता पंप येईन. तयार राह्य.

दादा म्हणाला, "हो." आणि शर्टावरून खिशाला दोन्ही हातांनी धरलं.

"काढ बे," ते म्हणाले.

"काढाचा नाही."

असा चोर त्यांना कुठे मिळाला असता? लपवलेला फोन, खिशावर घट्ट धरलेले हात आणि तोंडाने सरळ नकार. पहिली थप्पड कोणी मारली ते कंडक्टरला आठवत नव्हतं. शर्ट फाडला, बंडी फाडली. तेवढ्यात पंप आला आणि फोन बोलू लागला. दादा, उतर. उतर दादा. हिरवी खूण दाबायला कोणी मोकळं नव्हतं. लोक त्याला मारत होते आणि त्याच्या बंडीतून मी सांगत होते, उतर दादा, उतर दादा. थांबा मागे पडला, बस चौकीवर नेली, तरी सांगत होते.

चौकीतल्या कोणीतरी फोनमधल्या माझ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. मी वर्गात होते. "हा फोन कोनाचा हाय?" एवढंच विचारलं गेलं, आणि मागे दादाच्या रडण्याचा आवाज ओळखून मी जिना उतरायला लागले.

तो बाकाखाली फरशीवर बसलेला होता. कान लाल झालेला. फाटलेल्या बंडीचा खिसा तळाशी उसवून बाहेर लोंबत होता, बटण अजून लावलेलंच. मी जवळ जाऊन म्हटलं, "दादा." त्याने दोन्ही हातांनी कान दाबले आणि माझ्यापासून दूर, भिंतीकडे सरकला.

ज्याचा फोन हरवला होता तो माणूस टेबलापाशी उभा होता. नीटनेटका, इस्त्रीचा शर्ट. हवालदाराने परत त्याचा नंबर लावला. या वेळी त्याच्या बायकोने उचलला. फोन घरीच होता, चार्जिंगला लावलेला. ती स्वयंपाकघरात होती म्हणून आधी ऐकू आला नव्हता. स्पीकरवर तिचा आवाज सगळ्या चौकीने ऐकला: "रोजचंच हाय यांचं. डोकं बी एक दिवस घरीच विसरून जाईन."

हवालदार हसला. तो माणूसही हसला. कोणीतरी दादाकडे बघून हसलं. मला वाटलं, आता माफी मागतील.

"पन याचंही चुकलंच ना, ताई," तो माणूस मला म्हणाला. "लपवला काहून?"

"तुमचा फोन कुठं राह्यते?" मी विचारलं.

"खिशात."

"त्याचाही खिशातच होता."

"पन असा आत कोन ठेवते?"

"ज्याचा ओढून नेते तो ठेवते."

"हे पाहा," हवालदार मध्ये पडला, "तुम्ही शिकेल-सवरेल दिसता. येड्याले एकटं सोडता, मंग आमच्या डोक्याले ताप. घेऊन जा याले. अन् पुन्हा एकट्याले बसमंधी दिसू देऊ नका."

तक्रार लिहा असं मी म्हटलं. कोणाविरुद्ध, त्याने विचारलं. नाव सांगा. कंडक्टर म्हणाला, गर्दी होती, मला काही दिसलं नाही. इतका वेळ त्याला सगळं दिसत होतं. मी हात जोडले नाहीत आणि ओरडलेही नाही. दादाला उठवलं. तो माझ्या हाताला धरून चालला, पण मी बोलले की मान फिरवायचा.

घरी आईने त्याचा कान पाहिला आणि आधी माझ्यावर धावून आली.

"तुनं त्याले घराबाहेर काढलं. तुले कॉलेजात मोठेपना पायजे. माह्या पोराले मारू मारू टाकलं लोकायनं!"

"अन् तू त्याले तोंड उघडाले जागा नाही ठेवली. काढाचा नाही, काढाचा नाही! त्याच्या हातात फोन असता तं त्यानं दाखवला असता."

"मी मा हाय त्याची!"

"मंग मी कोन हाय?"

बाबा पाळीवरून आलेले, बूट न काढता दारात उभे होते. आमच्या दोघींच्या मधून ते आत गेले आणि दादाशेजारी जाऊन बसले. आईने मामांना फोन लावला. ताईंचा मला फोन आला. झालं ते फार वाईट झालं, म्हणाल्या, पण काही महिने सोबत कोणीतरी असल्याशिवाय त्याला पाठवू नका, आमच्यावर जबाबदारी येते. मागे सरकायला शिकवणाऱ्या ताई. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवल्यावर उशीवर बुक्की मारली.

मामा रविवारी आले, पिशवी रिकामी घेऊन. दादाचे कपडे न्यायला. सकाळी चार्जिंगला लावलेला फोन नेहमीप्रमाणे बोलला होता: "दादा, ऊठ." दादाने त्याच्यावर उशी ठेवली आणि उशीवर बसला. तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्याला फोनची भीती नव्हती. माझ्या आवाजाची होती. तो आवाज बोलला की मार पडतो.

मी आईला तिचा आवाज भरून पाहायला सांगितलं. ती म्हणाली, मी नाही असल्या डबड्यात बोलत. बाबांनी फोन तोंडासमोर धरला, घसा खाकरला आणि सभेत बोलावं तसं म्हणाले, "आता उठावे." मामा खदाखदा हसले. दादाने बाबांच्या हातून फोन ओढून घेतला. आवाज भरायच्या लाल गोळ्यावर बोट ठेवलं. मी ठेवताना त्याने शंभरदा पाहिलं असेल. आणि म्हणाला, "मी उठलो."

फोन त्याच्याच आवाजात परत म्हणाला, "मी उठलो." दादा फोनकडे बघत राहिला. मग हिरवी खूण दाबली.

मी काही बोलले नाही. बोलायची भीतीच वाटत होती. नुसते एकेक फोटो समोर आणत गेले. "चप्पल घातली." "बॉटल घेतली." टिनाचं शेड: "बस येते." पूल: "पूल गेला." पंपाचा फोटो आला तेव्हा तो खूप वेळ बसून राहिला. कानाला हात लावला. मामा म्हणाले, "झालं, मशीन बंद पडली." मग दादाने फोन तोंडाच्या अगदी जवळ नेला आणि ओरडला, "सरका. मले उतराचं हाय."

हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं.

"हा म्हननार सरका, अन् लोक सरकनार?" मामा आईला म्हणाले. "कायले तमाशा करता. मी उद्याच्या एसटीनं घेऊन जातो याले."

आई दादाकडे बघत होती. तिने पिशवी उचलून मामांच्या पायाशी ठेवली. रिकामीच. "उद्या सकाळी जाऊ दे त्याले एक खेप," ती म्हणाली. "काही झालं तं घेऊन जाय. मंग मी हिचं बी ऐकनार नाही."

सोमवारी तिने डबा भरला, पण माझ्या हातात दिला नाही, उंबऱ्यावर ठेवला. मी दादाच्या मागून बसमध्ये चढले आणि शेवटच्या सीटवर बसले. कंडक्टर तोच होता.

"ए ताई, आज नाटक नको बरं. त्याचा फोन बंद कर."

"नाही करत."

"मंग खाली उतरा दोघं."

"तिकीट काढलं हाय," मी म्हटलं. घसा भरून आला होता, पण शब्द आधी निघाले. तो काहीतरी पुटपुटत पुढे गेला. लोक वळून पाहत होते. दादाने फोन हातात धरला होता, सगळ्यांना दिसेल असा, आवाज पूर्ण वाढवून.

पूल गेला, फोन म्हणाला. "अबे, गाना लाव गाना," कोणीतरी म्हणालं. दोघे-तिघे हसले.

पंप आला. सरका. मले उतराचं हाय. दादा उठला. वाटेत एक धिप्पाड माणूस दांडा धरून उभा होता, तो हलला नाही. दादाने त्याला धक्का दिला नाही, विनंतीही केली नाही. हिरवी खूणही दाबली नाही. सरका, फोन म्हणाला. मले उतराचं हाय. सरका. मले उतराचं हाय. सरका.

"अरे, सरका ना यार, डोकं खाऊन राह्यला तो!" मागून एक बाई खेकसली. धिप्पाड माणूस शिवी घालून बाजूला झाला. त्याच्यामागचे झाले. कोणी प्रेमाने सरकलं नाही. पण सरकले. दादा उतरला, रस्त्यावर उभा राहून त्याने हिरवी खूण दाबली आणि चालायला लागला.

मी उठले होते. तोवर वाट परत बुजली होती.

"तुले बी उतराचं हाय का?" धिप्पाड माणसाने विचारलं.

खिडकीतून दादाची पाठ दिसत होती. एका बाईच्या हातातल्या पाकिटाकडे तो बोट दाखवत होता, ती बाजूला होत होती.

"नाही," मी म्हटलं आणि खाली बसले. मग मामांना फोन लावला.

"मामा, नरखेडची एसटी किती वाजता हाय?"

"काहून वं?"

"तुमाले उशीर नको व्हाले," मी म्हटलं. "माकडं वाट पाहत असतीन."